चर्चच्या दारात काढलेले बूट

मंडळी, लॅबमधल्या टर्मिनलपुढे बसून टाइप करतोय. उठायचं म्हटलं की मांड्या बोंबलतात, तेव्हा मेसेज लांबला तर सांभाळून घ्या.

आज सकाळी मेरीलँडच्या डोंगरांत तीस मैलांची रेस पळालो. सगळी वाट इथल्या सिव्हिल वॉरच्या, म्हणजे यादवी युद्धाच्या, काळातल्या शेतांमधून, दगडी कुंपणांच्या कडेने. आठ तासांच्या आत पोचलं तरच मेडल.

चोविसाव्या मैलाला पाण्याची सोय एका जुन्या चर्चमध्ये होती. बाकीचे चिखलाच्या बुटांनी सरळ आत शिरत होते. मी दारात थांबलो आणि सवयीने बूट काढले. पाणी प्यायलो, केळं खाल्लं, बाहेर आलो, तर सुजलेले पाय बुटात जाईनात!

पाणी देणाऱ्या एक आजी बाहेर आल्या. खाली बसून त्यांनी नाड्या पार सैल केल्या आणि माझा एकेक पाय आत सरकवून दिला. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी वाकून त्यांच्याच पाया पडलो. त्यांना वाटलं, मला चक्करच आली.

मग म्हणाल्या, "सिव्हिल वॉरमध्ये जखमी पोरांना या चर्चच्याच जमिनीवर निजवलं होतं. इतक्या वर्षांच्या रेसमध्ये इथे बूट काढणारा तू पहिलाच."

मेडल चार मिनिटांनी हुकलं. माझा रूममेट शिरीष फिनिशला उभा होता. "रेसमध्ये बूट कोण काढतं, यार?" म्हणून तो अजून चिडलाय.

मी मात्र खुशीत आहे. पण खरं सांगा, तुम्ही बूट घालून आत गेला असतात?