वाल्मिकची वळलेली करंगळी

मी सिल्वासाच्या मराठी शाळेत शिकवत असताना वाल्मिक सातवीत माझ्या वर्गात होता. त्याची करंगळी आतल्या बाजूला वळलेली होती, ती मला तेव्हापासून लक्षात आहे. सोमवारी प्रार्थनेला त्याला कधीकधी उभंच राहता येत नसे. मी त्याला आळशी म्हणत असे.

पुढे तो आमलीत धाग्याच्या कारखान्यात मशीनवर लागला. आठवडाभर पळायचा आणि रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी अंथरुणातच राहायचा.

"बाई, नदीच्या तळाशी पडल्यासारखं वाटतं," तो सांगायचा. "वर उजेड दिसतो, बायकोचा आवाज येतो. पाय मात्र माझे नसतात."

दुपारपर्यंत बळ आपोआप परत येई.

सोनी, त्याची बायको, नवापूरची. तिचे वडील दारूनं गेले होते. तो असा पडला, की ती वाकून त्याच्या तोंडाचा वास घ्यायची.

"तोंड उघडा."

"नाही गं प्यायलो."

"माझा बापही बडीशेप चावूनच यायचा! पुन्हा असं झालं तर मी नवापूरला चालले. कायमची."

घाबरून तो माझ्याकडे आला. मी दोघांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर अश्विनींनी नाडीआधी करंगळी पाहिली, हृदयाचा आलेख काढला, रक्त मुंबईला पाठवलं. दोन महिन्यांनी त्यांनी आम्हाला बोलावलं.

"स्नायूंच्या पेशींना पोटॅशियमची बारीक दारं असतात," त्या म्हणाल्या. "पेशीच्या पडद्यातला एक स्निग्ध रेणू चिकटला, की ती उघडी राहतात. यांच्या दारांना तो जन्मापासूनच नीट चिकटत नाही. दारं मिटली की स्नायू विसावत नाही, मग पुढचा हुकूम त्याला ऐकूच जात नाही. राबून झाल्यावर आराम केला, की हे जास्त होतं; वळलेली करंगळी ही याच आजाराची खूण."

सोनी गोंधळली. वाल्मिक मात्र हळूच हसला.

"अगं, गुंडाळण्याआधी आम्ही धाग्याला तेल देतो ना? रोलरवर तेल भरपूर, पण धागा टेकलाच नाही तर कोरडाच जातो. अडकतो."

"म्हणजे दारू नाही?" सोनीनं डॉक्टरांना विचारलं.

"नाही. पण गोळ्या रोज, आणि हृदय तपासत राहायचं."

परवा सोमवारी मी त्यांच्या खोलीवर गेले. वाल्मिक निश्चल पडला होता. भिंतीवर उन्हाचा एक तुकडा पाण्यासारखा हलत होता. सोनी चुलीपासून उठून आली, त्याच्यावर वाकली. मला वाटलं, वास घेईल. तिनं त्याचे पाय सरळ केले आणि ती वळलेली करंगळी मुठीत धरून बसली.

"उघडली का दारं?"

"एखादं उघडलंय वाटतं."

"उघडू द्या सावकाश. मी कुठं जात नाही."