शेंड्याला लटकलेल्या अळ्या

वडूजच्या गुंडा हवालदारांनी सगळी नोकरी सीमेवर काढली, पण बायकोच्या रेशीमशेडमध्ये शिरताना ते बिचकत. अंजनाकाकूंचा कायदा लष्कराहून कडक: आधी हातपाय धुवा, चुन्यातून चाला, मगच आत या. शक्यतो येऊच नका. रेशमाच्या अळ्यांची ही पहिलीच खेप होती. त्या मेल्या तर काकूंचं वर्षभराचं राबणं मातीत.

हवालदारांनी शेजारच्या हरभऱ्यावर आणि बांधावरच्या एरंडावर दुकानातलं, किडीला रोग लावून मारणारं औषध फवारलं होतं. काही दिवसांनी पाहायला गेले आणि जागीच थिजले. घाटेअळ्या रोपांच्या शेंड्यांवर चढून मेल्या होत्या. खाली डोकं, वर शेपूट, अंग काळं पडलेलं. शेतभर. वारा नव्हता, तरी हलल्यासारख्या वाटत होत्या. त्यांनी एकीला बोट लावलं. ती फुटली, आत नुसतं पाणी.

हवालदार पळत शेडमध्ये. "अंजना, अगं अख्खी पलटण फासावर गेली!"

"हात धुतलं का?"

हवालदारांनी हात पाठीमागे लपवले. तेवढ्यात दोघांनाही कळलं, शेड गप्प आहे. दिवसरात्र सरीसारखी वाजणारी पाला खाण्याची कुरकुर थांबली होती. हजारो पांढऱ्या अळ्या माना वर करून स्तब्ध. काही वर चढत होत्या.

काकू त्यांच्याकडे वळल्या. "आवं, फवारलं काय? विषाणूचं का जिवाणूचं?"

"रोगच की दोनी."

"विषाणू निस्त्या घाटेअळीला धरतो. जिवाणूचं औषध समद्या आळ्या न्हेतं, माझ्याबी! कुठली बाटली?"

"हिरव्या झाकनाची."

"दोनीबी हिरव्याच झाकनाच्या हायत!"

काकू त्या लटकलेल्या अळ्यांच्या रांगांमधून बांधाकडे धावल्या. फवारलेल्या एरंडाचं पान उलटलं. जाडजूड उंटअळी कमान करत निवांत चरत होती.

"जिती हाय! विषाणूचंच हाय." मग त्या थबकल्या. "मग माझ्या का थांबल्या?"

शेडमध्ये परतल्या तेव्हा अळ्या तिथल्या जाळीवर चढल्या होत्या. कुणीतरी हाक मारत असावं तशा हवेत माना डोलावत होत्या. काकूंनी बॅटरी धरली. एकीच्या तोंडातून केसाहून बारीक धागा चमकला.

"कोश धरत्यात," त्या पुटपुटल्या. "टरेनिंगला शिकवलं हुतं त्याच्या एक दिस आदीच." मग न वळता म्हणाल्या, "आता तरी हात धुवा."

नळ हरभऱ्याच्या बांधाला होता. हवालदार दारातच घुटमळले.

"तूबी चल की गं."