फडकं धुवायचं राहिलं

इथले भुताखेतांचे अनुभव मी दुपारी जेवण झाल्यावर करमणूक म्हणून वाचते. वाचते आणि हसते. कुणाला चकवा लागला म्हटलं की मी म्हणणार — रस्ता चुकला असेल बाबा, मॅप लावायचा! उतारे-अंगारे आमच्या घरात चालत नाहीत, माझ्याकडे तर मुळीच नाहीत. मग हे का लिहितेस, असं आमच्या ह्यांचंही विचारून झालं. डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय... बस.

आम्ही तासगावजवळचे. द्राक्षबाग आणि स्वतःचं बेदाण्याचं शेड. घरात मी, हे आणि सासूबाई. त्यांना आम्ही आत्ती म्हणतो. आम्ही जैन, आणि आत्तींचा नेम कडक. दिवस मावळल्यावर अन्नाचा कण नाही, आणि दुपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाणी तोंडात नाही. गाळून झालं की ते फडकं उलटं करून, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत धुवायचं. फडक्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव अडकतात, ते आपल्या घरी परत गेले पाहिजेत. घरात फिल्टर आलाय, तरी आत्तींचं फडकं बागेतल्या विहिरीवर चालूच. मी थट्टा करायची, "आत्ती, जीवांना रिटर्न तिकीट काढून देताय काय?" त्या म्हणायच्या, "देतीया. तुज्या बाचं काय जातंय?"

यंदा डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. घरी आलो. दारात चप्पल काढताना आत्ती म्हणाल्या, "पद्मा, मला माडवेळला न्हे. डोळं हायत तवर."

माडवेळ म्हणजे कोकणात समुद्रावरचं गाव. आत्तींची थोरली बहीण, अक्का, तरुणपणी तिकडच्या एका ट्रक ड्रायव्हरबरोबर निघून गेलेली. माहेरच्यांनी तिचं नाव टाकलं. जाताना ती दारात उभी राहून "येते गं" म्हणाली, आणि वडिलांच्या भीतीनं आत्तींनी उत्तर दिलं नाही. हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. पुढं ती आहे की गेली, काही कळलं नाही. फोन नाही, पत्ता नाही. डोळे आहेत तोवर तिचं तोंड एकदा बघायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

मग काय, सुट्टीचं प्लॅनिंग माझ्या गळ्यात. आमच्याकडं वाडी म्हणजे वेगळं छोटं गाव — वेगळी पाटी, वेगळा बसस्टॉप. तिकडं अख्खं माडवेळच वाड्यांचं. बंदरवाडी, देऊळवाडी, मधलीवाडी, तळवाडी... आणि प्रत्येक वाडीचा होमस्टेवाला म्हणणार, खरं माडवेळ आमचंच! नंबर काढून फोन लावत बसले. सुरमईची थाळी, कोलंबीचं कालवण... मी म्हणायची, मासे नको, कांदा-लसूण नको, आणि जेवण सूर्य बुडायच्या आत. एक जण वैतागून म्हणाला, "मॅडम, मग समुद्रावर येताय कशाला?" मीही ऐकवलं त्याला, "बघायला! समुद्र खायचा असतो होय?"

त्याच दुपारी मला उलट फोन आला. बाईचा आवाज.

"रूम पायजे म्हणत हुतासा न्हवं?"

"हो. कोण बोलतंय?"

"तळवाडीतनं. जेवाण दिवस बुडायच्या आत घालती. पाणी गाळून ठेवती. या तर खरं."

भाड्याचं विचारेपर्यंत फोन कट. मी खूश! ह्यांना म्हटलं, तळवाडीत आपल्यातलंच कुणीतरी होमस्टे काढलाय. बाई आमच्याच बोलीत बोलली, म्हणून तर मला काही खटकलं नाही. पाण्याचं आपण अजून कुणालाच बोललो नव्हतो, हे तर डोक्यातच आलं नाही. आत्तींनी विचारलं, "बोलणं कसं हुतं?" म्हटलं, "आपल्यासारखं." त्यांनी उठून बेदाण्याचा पुडा बांधायला घेतला.

कराडच्या अलीकडं मलकापूरला चहा घेतला, कराड ओलांडलं आणि कुंभार्ली घाट उतरून दुपार कलता माडवेळात पोचलो. डांबरी रस्ता बंदरवाडीत संपतो. तिथल्या दुकानदाराला तळवाडी विचारली, तर तो आमच्या सामानाकडं बघत राहिला.

"तिथं कोण ऱ्हात नाय आता. दर्या वर आला, तशी माणसंपण वर आली."

"अहो, फोन आलाय आम्हाला."

"तळवाडीतून?" त्यानं मान हलवली. "एक घाटावरची काकी होती. गुरांनापण पाणी गाळून घालायची. सगळे वर आले, ती काय आली नाय. मग एका भरतीत घरासकट..." त्यानं समुद्राकडं हात केला.

मी तिथंच तो नंबर लावला. नंबर अस्तित्वात नाही म्हणे. हे म्हणाले, गाडी फिरवतो. आत्ती मात्र खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांकडं निघाल्यासुद्धा. "चला. दिवस बुडायला येळ हाय अजून."

खाली उघडे चौथरे, वाळूत अर्धी रुतलेली भिंत, आणि एक आड. आडाचा काठ ओला होता. काठावर कळशी, तोंडावर पांढरं फडकं बांधलेलं, आत गाळलेलं पाणी काठोकाठ. आसपास माणूस नाही, वाळूत पाऊल नाही. मी दोन पावलं मागं सरले, खोटं कशाला सांगू.

आत्तींनी फडक्याचा कोपरा बोटांनी चाचपला. मग माझा हात ओढून त्यावर ठेवला. कोपऱ्याला दोऱ्याची छोटी गाठ होती. "वरली बाजू कळावी म्हणून आमची आई अशी गाठ घालायची. आमी दोघीच शिकलो हुतो." आणि त्या समुद्राकडं तोंड करून ओरडल्या, "अक्का... ए अक्का, मी आलीया गं!"

लाटांशिवाय काही आवाज नाही. आम्ही ते पाणी प्यालो. समुद्राच्या तोंडाशी, पण साखरेसारखं गोड. पाणी पायऱ्यांकडं सरकायला लागलं तसं हे ओरडले, "आई, भरती लागली, चल वर!" गडबडीत आम्ही चढलो. बेदाण्याचा पुडा आत्तींनी आडाच्या काठावर ठेवला आणि फडकं कळशीवरून सोडून पदराखाली घेतलं.

पाणी गाळल्यावर फडकं धुतल्याशिवाय जन्मात न उचलणारी बाई. पण त्या दिवशी त्यांनी ते धुतलं नाही.

घरी आलो. फडकं वाळेना. एप्रिलचं ऊन, शेडवर शेवटचा माल, हिरव्या द्राक्षाचा खडखडीत बेदाणा होतो त्या वाऱ्यात फडकं जाळीवर टाकलं, तरी ओलंच्या ओलं. आणि संध्याकाळी माझ्या मोबाईलवर त्याच नंबरचा फोन.

"दे तिला."

आत्तींनी फोन घेतला आणि पोरीसारख्या हसायला लागल्या. "व्हय... जेवली की... भाकरी आन् आमटी." मग रोजच. दिवस मावळायच्या आत फोन येणार, "जेवलीस का?" म्हणून. आत्ती दोन घास जास्त जेवायला लागल्या, तोंडावर तेज आलं. ह्यांनी ऐकलं, तर ह्यांना नुसती खरखर. मला मात्र आवाज येत होता, आणि तो रोज बारीक होत चालला होता. एकदा मी फोन स्पीकरवर टाकला.

"गार लागतंय गं. धू की ते. जाऊ दे मला."

"न्हाई," आत्ती म्हणाल्या आणि फोन बंद केला.

माझं डोकंच फिरलं. भीती होती तेवढाच रागही होता. "आवं आत्ती, मुंगीच्या अंगावर पाय पडला तर हळहळणारी बाई तुम्ही, आणि सख्ख्या बहिणीचा जीव फडक्यात धरून बसलाय? कुठला नेम म्हणायचा हा?"

"एकदा ती येते म्हणाली, तवा मी गप बसली," त्या रडायला लागल्या. "आता तिला जा म्हणू? कुठल्या तोंडानं म्हणू?"

त्यांना जवळ घेतलं. मलाही रडू आलं. सकाळी आत्ती आपणहून गाडीत जाऊन बसल्या, फडकं मांडीवर.

तळवाडीच्या आडावर बेदाण्याचा पुडा नव्हता. आत्तींनी गाठ चाचपून बाजू ओळखली, फडकं उलटं केलं आणि त्यावरून हळूहळू पाणी आडात सोडलं. "ये गं अक्का," म्हणाल्या. जा नाही म्हणाल्या. पायऱ्या चढून वर आलो तोवर त्यांच्या हातातलं फडकं खडखडीत वाळलं होतं.

फोन बंद झाले. पावसाळ्यात आत्तींची नजर पूर्ण गेली आणि जेवण तुटलं. ताट पुढं ठेवलं तरी हात लावेनात. एकदा मीच खोटं बोलले, "अक्कांचा फोन आलेला. जेवलात का, विचारत होत्या."

आत्ती कितीतरी दिवसांनी हसल्या. "लबाड हायस. ती मला जेवलात म्हणंल व्हय? ...पर तूच इचारत जा. ती इचारायची तसं."

सासूला अगं-तुगं करायला माझी जीभ वळेना. पण तेव्हापासून रोज दिवस कलला की मी दारातून हाक मारते, "जेवलीस का?" आत्ती "जेवती की" म्हणून ताट ओढतात. सगळं सुरळीत चाललं होतं.

गेल्या आठवड्यात व्यापारी आले म्हणून मी शेडवर अडकले. अंधार पडल्यावर आठवलं. धावत घरी आले... आज म्हातारी उपाशी राहिली! बघते तर दुपारीच झाकून ठेवलेलं ताट रिकामं, आत्ती हात धुऊन बसलेल्या.

"आत्ती, आज विचारायचं राहिलं हो माझं."

"राहिलं कुठं?" त्या म्हणाल्या. "मगाशी दारातनं इचारलंस की."

हे माझ्याबरोबर शेडवर होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मोबाईल माझ्याच पिशवीत होता, त्यावर एकही कॉल नाही. मी आत्तींना काही सांगितलं नाही. कुणाकडं याचं उत्तर असेल तर सांगा, माझ्याकडं नाही. रोज विचारायचं मात्र मी सोडलेलं नाही.