आतोबांची कैफियत

भांडण कागदावर उतरल्याशिवाय ते झालंच नाही असं मानणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा असावा ही आमच्या घराण्याची पुण्याई. आतोबांनी जन्मभर वकिलाकडे कारकुनी केली. निवृत्तीनंतर कोर्ट सुटलं, पण त्यांनी ते मांडवीच्या घरी ओटीवर आणून बसवलं. तक्रार करणारा वादी, ज्याच्याविरुद्ध तक्रार तो प्रतिवादी. वादीने कलमवार दावा लिहायचा, प्रतिवादीने कलमवार उत्तर, म्हणजे कैफियत द्यायची. तोंडी भांडण ते ऐकूनच घेत नसत. समुद्राकडे बघत बसत.

एकदा त्यांची छत्री माझ्या हातून मोडली. तिसऱ्या दिवशी टपालाने दावा आला, तोही तीन घरं पलीकडून! 'दाव्यास कारण जेटीवर वारा सुटला तेव्हा घडले.' मीही इरेला पेटून कैफियत दिली : छत्री वाऱ्याने मोडली, सबब वारा हा आवश्यक पक्षकार असून त्याला सामील केल्याशिवाय दावा चालू शकत नाही. आतोबा हरखले. "खरंच की रे! पण त्याला समन्स कुठल्या पत्त्यावर बजावायचं?" म्हणाले, आणि संध्याकाळभर माडांच्या शेंड्यांकडे बघत राहिले. छत्रीचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग आत्याचे गुडघे गेले. मुलाने दोघांना कायमचं पुण्याला बोलावलं. आतोबा हलायला तयार नाहीत. आत्याने एकटीने जायचं ठरवलं आणि जाण्याआधी रीतसर दावा लिहिला. कलम एक : वादीला घरच्या पायऱ्याही चढवत नाहीत. कलम दोन : प्रतिवादी हट्टी आहे. कलम तीन : वादी गेल्यावर प्रतिवादीला तिच्यावाचून करमणार नाही.

आतोबांनी उत्तरासाठी तारखांवर तारखा मागितल्या. आत्या निघायच्या आदल्या दिवशी कैफियत माझ्या हातात ठेवली. कलम एक कबूल. कलम दोन साफ नाकबूल. पुढे कागद कोरा.

"आतोबा, तिसरं राहिलं."

"राहिलं नाही. जे नाकारलं नाही, ते कबूल धरतात." त्यांनी मान वळवली. "जा, दे तिला."

आत्याने कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला. "तुमचे सदरे बॅगेत घालत्ये हो," ती आतूनच म्हणाली. आतोबांनी हरकत घेतली नाही.

आता ती दोघं पुण्यात, लिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. मला इथे फार चुकल्याचुकल्यासारखं होतं. आतोबांचा फोन येतो, "आज समुद्र कसा आहे रे?" मी बाहेर जाऊन बघतो आणि सांगतो. मग ते फोन ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही.