भाऊजीच्या गाडीचं नेट कोणी खाल्लं

सुरुवातीलेच कबूल करून टाकतो, नाईतर पुढचं लिहिताच येत नाई. भाऊजीच्या नव्या गाडीतला महिन्याभराचा डेटा मी खाल्ला. चुकून नाई. ठरवून खाल्ला, आणि खाताना तोंड असं साधं ठेवलं का जसा मी देवळातून आलो.

भाऊजी म्हणजे माह्या ताईचे मिस्टर. चंद्रपुरात हार्डवेअरचं दुकान आहे. माणूस लाखाचा, पण पोळ्याच्या आधी गाडी घेतली तेव्हापासून त्यायच्याजवळ बसणं कठीण झालं. या गाडीत कंपनीनं आतमधीच सिम टाकलं आहे. त्यावर नकाशा चालते, गाणे चालतात, गाडी बोलते, वरतून आपल्या मोबाईलले वायफाय देते. महिन्याले पाच जीबी फुकट, संपले का गाडी मुकी. हे शेवटचं भाऊजी कोणाले सांगत नाई. "गाडी नाई बाबू, चालतं-फिरतं इंटरनेट आहे!" एवढंच सांगतात. काच खाली करायची तर बटण नाई दाबत, गाडीले विनंती करतात. गाडी चवथ्या विनंतीले ऐकते. तोवर टोलनाका मागं जाते.

तर भाऊजी म्हणले, "पिंट्या, सिरोंच्याले जाऊन येऊ. गोदावरी पाहू, गाडी पळवू." ताई म्हणे, मले नाई झेपत तो रस्ता. मी म्हणलं, मी येतो. आणि मनात म्हणलं, आलापल्लीच्या जंगलात ही गाडी मुकी झाली तर भाऊजीचं तोंड कसं दिसंल?

शनिवारी सकाळी सात वाजता निघालो. बल्लारपूर मागं पडलं, मी माहा मोबाईल गाडीच्या वायफायले जोडला आणि तीन वर्षांचे व्हिडिओ बॅकअपले लावून दिले. व्हिडिओ काय तर आमचे पोट्टे नालीत पडून राह्यले, बकरी एकाचा गमछा खाऊन राह्यली, मी स्वतः लग्नात नाचून राह्यलो. हे जगासाठी जपून ठेवलं पाहिजे असं कोणीच म्हणलं नव्हतं.

गोंडपिपरीत तर्री-पोहे खाल्ले. तीस रुपये प्लेट, तर्री कितीही मागा, पण पाणी आधी मागून ठेवा. भाऊजीनं बसल्या जागेवरून मोबाईलनं गाडीचे लाइट लावून दाखवले. बाजूच्या बाकड्यावरच्या बाबानं मले विचारलं, "हे भाऊ गाडीसंग बोलते काय रे?"

"हो बाबा. गाडी पण बोलते."

"आमची बुढी पण बोलते. पण ते लाइट बंद कर म्हणते."

आष्टीजवळ वैनगंगेचा पूल लागते. तिथी थांबाच, पाणी भल्लं पसरलेलं राहते. पूल ओलांडला आणि गाणं अर्ध्या शब्दावर अडकलं. भाऊजीनं गाडीले हाक मारली. गाडी म्हणे, "क्षमा कीजिए, मैं अभी कनेक्टेड नहीं हूँ." मी खिडकीबाहेर पाहून गाल चावला.

"जंगल सुरू झालं ना," भाऊजी म्हणले. "नेटवर्क गेलं."

"हो ना भाऊजी. सागवान दाट आहे," मी म्हणलं.

आलापल्लीत दीड वाजता जेवलो. वरण, भात, वांग्याची भाजी, शंभरात पोट भरते. पेट्रोल इथंच फुल करून घ्या, पुढं भरवसा नाई. नकाशाही मोबाईलमधी आधीच उतरवून ठेवा. जंगलाबद्दल मी काय सांगू, मी झाडं मोजाले नव्हतो गेलो. पण सागवान इतका उंच आहे का वरतं पाहता पाहता माही टोपी पडली. त्याच्या पुढचा रस्ता म्हणजे डांबर कमी आणि आठवणी जास्त. पावसाळा सरत आला होता, गड्ड्यात पाणी. तासाले वीस-पंचवीसच्या वर काटा जात नाई.

साडेतीनच्या पुढं एका गावाजवळ रस्त्यावर एका पोरीनं छत्री आडवी धरून गाडी थांबवली. अठराएक वर्षांची, हातात प्लास्टिकमधी गुंडाळलेली फाईल. मागं तिचे वडील, सुखदेव भाऊ, खांद्यावर ओलं जाळं. तळ्यातून सरळ आले होते.

"काका, तुमच्या मोबाईलले नेट आहे का?" पोरीनं विचारलं.

भाऊजीची छाती फुगली. "मोबाईल कायले? गाडीतच नेट आहे! काय काम आहे, सांग."

पोरीचं नाव रोशनी. गडचिरोलीले नर्सिंगले तिचा नंबर लागला होता. आज पाच वाजेपर्यंत वेबसाइटवर जाऊन 'सीट घेतो' असं कळवा लागते, नाई कळवलं तर सीट पुढच्याले. सकाळी आलापल्लीच्या नेट कॅफेत जाणार होती, सकाळची बस आली नाई. दुपारचीही नाई आली.

"बस, एवढंच?" भाऊजी म्हणले आणि तिले आत बसवलं. स्क्रीन चालू केली. टॉवरच्या काड्या पाहिल्या तर चारपैकी तीन. गाडीचा अँटेना टपावर राहते, म्हणून मोबाईलले नाई सापडत ते गाडीले सापडते. पण नेट काही चालेना. भाऊजीनं सेटिंगमधी बोट फिरवलं आणि थांबले. तिथं लिहून होतं, महिन्याचा डेटा संपला.

तोंड पाहायचं होतं ना मले? पाहिलं. इतकं लहान तोंड मी कोणाचंच पाहिलं नव्हतं.

"पोरी, माहीच चूक आहे," भाऊजी म्हणले. "घरून निघाल्यापासून व्हिडिओवाले गाणे लावून ठेवले होते मी."

आता पॅक टाकायचा तर कंपनीच्या ॲपमधून टाका लागते. ॲपले नेट लागते. म्हणजे विहिरीत उतराले दोर पाहिजे आणि दोर विहिरीत. परत आलापल्लीले जायचं तर त्या रस्त्यानं पाचच्या आत शक्यच नव्हतं.

"आमच्याइथी नेटवर्क मोहावर आहे," सुखदेव भाऊ म्हणले. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक मोहाचं झाड आहे. त्याच्या वरच्या फांदीले गावातले लोक मोबाईल पिशवीत घालून टांगतात. तिथं फोन लागते, मेसेज येते. ज्याले बोलायचं तो वर चढते. सुखदेव भाऊचा मोबाईल बटणवाला, त्यावर वेबसाइट काय उघडणार. पण फॉर्ममधी नंबर तोच दिला होता आणि ओटीपी त्याच्यावरच येणार होता. "माह्या मोबाईलले लागते का पाहतो," म्हणून भाऊजी त्यायच्या मागं पाळीवर पळाले.

गाडीत मी आणि रोशनी. ती फाईलच्या प्लास्टिकचा कोपरा नखानं सोलून राह्यली होती. मले वाटलं, ही रडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा मले आरशाजवळचं लाल बटण दिसलं. अपघात झाला तर दाबायचं. ते डेटावर नाई, साध्या कॉलवर चालते. सवा चार झाले होते. दाबलं.

"सर, क्या आप सुरक्षित हैं?" एका बाईचा आवाज आला.

"मी सुरक्षित आहे मॅडम, एका पोरीची सीट सुरक्षित नाई."

ती मराठीवर आली. मी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, माहं सोडून. ती म्हणे, पॅक ॲपमधूनच घ्यावा लागतो.

"ॲपले नेट पाहिजे मॅडम. नेटसाठीच तर तुम्हाले लाल बटण दाबलं."

तिनं भाऊजीचं नाव, गाडीचा नंबर विचारला. मग म्हणे, "अडचणीच्या वेळी एकदाच दोनशे एमबी देता येतात. देते. पण सर, तुमचे पाच जीबी आज सकाळीच गेलेत, दोन-अडीच तासांत. सगळे एकाच मोबाईलनं अपलोड केलेत. 'पिंट्या द डॉन' नावाचा मोबाईल आहे. तो गाडीत असेल तर आधी बॅकअप बंद करा, नाहीतर हेही खाऊन टाकेल."

फोन कट झाला. असं वाटलं का गाडीची सीट फाटावी आणि मी डिक्कीत जावं.

"पिंट्या द डॉन कोण आहे, भाऊ?" रोशनीनं विचारलं.

मी मोबाईल हातात धरून बसलो होतो. कव्हरवर 'डॉन' लिहून आहे.

"भाऊजीची गंमत करायची होती," मी म्हणलं. "तुही सीट मधात येईल हे मले काय माहीत."

"भांडण मग करू. आधी मोबाईल द्या."

बॅकअप बंद केला, दिला. वेबसाइट उघडली, गोल गोल फिरली, तिचं नाव दिसलं. तिनं बटण दाबलं आणि मी दार उघडून बोंबललो, "लाल बटणानं नेट आलं! ओटीपी आला काऽऽ?"

सुखदेव भाऊ मोहावर, भाऊजी मोहाखाली, गाडी दोनशे पावलं दूर. मधातला तार मी. सुखदेव भाऊ वरून आकडे सांगत, भाऊजी ओरडत आणि मी पळत. पहिल्या खेपेले मी बांधावरून चिखलात गेलो. उठलो तोवर सहातले पाचच आकडे डोक्यात होते.

"सहावा?" रोशनी म्हणे.

"सहावा चिखलात पडला."

"शाळेत पण असेच होते काय तुम्ही?"

"शाळेत तर पाचही नव्हते राहत."

दुसरा ओटीपी मागवला. यावेळी मी आकडे हातावर पेनानं लिहिले आणि हात वर धरून पळालो. पाचाले आठ मिनिटं कमी होती. तिनं एक-एक आकडा टाकला. स्क्रीनवर हिरवी पट्टी आली, तुमची जागा निश्चित झाली आहे. तिनं ते तीनदा वाचलं. मग मोबाईल छातीशी धरून रडली.

सुखदेव भाऊ पळत आले. भाऊजीचे दोन्ही हात धरले. "साहेब, तुमच्या गाडीनं माह्या पोरीचं वर्ष वाचवलं."

"नाई भाऊ," भाऊजी म्हणले. "माह्या नादानं सीट जाऊन राह्यली होती. पोरी, माफ करजो मले." आणि माह्या भाऊजीनं, अर्ध्या चंद्रपूरले खिळे विकणाऱ्या माणसानं, त्या पोरीपुढं हात जोडले.

रोशनीनं माह्याकडं पाहिलं. मी टायरमधी हवा आहे का ते पाहून राह्यलो होतो.

सिरोंच्याले पोचता पोचता रात्रीचे आठ वाजून गेले. खोली आठशे रुपये, पंखा चांगला. मच्छी-भात खाल्ला, तिखट इतकी का पाप आठवते. सकाळी नदीवर गेलो. प्राणहिता आणि गोदावरी जिथं भेटतात तिथं पाणी दोन रंगाचं दिसते, त्याच्यासाठी एवढा रस्ता सोसाले हरकत नाई. काठावर एका मासेवाल्याले भाऊजीनं विचारलं, इथं नेट चालते का. तो हात हलवून तेलुगूत म्हणे, "सिग्नल लेदु, अन्ना." आणि हसला. भाऊजी नाई हसले. मी तर त्या दिवशी कोणत्याच गोष्टीले हसत नव्हतो.

परतताना त्याच गावाजवळ सुखदेव भाऊ पळसाच्या पानात बांधलेली मच्छी घेऊन उभे होते. भाऊजी घ्यायले तयार नव्हते, मग घेतली. रोशनी खिडकीपाशी आली आणि हळूच म्हणे, "सांगितलं?"

"मौका नाई भेटला."

"काल इथून सिरोंचा, आज सिरोंच्यावरून इथं. दोघंच गाडीत. आणि मौका नाई भेटला?"

"तू नको सांगजो."

"मी कायले सांगू? माहं काम झालं. तुमचंच राह्यलं."

घरी आलो त्याले महिना होऊन गेला. रोशनी होस्टेलले गेली. त्या रस्त्यानं जाणाऱ्याले माहं एकच सांगणं आहे, नेट जास्तीचं घेऊन जा, ते तुमच्यासाठीच लागंल असं नाई. भाऊजीनं वर्षाचा मोठा पॅक टाकला आहे. पण गाडीत आता एक गाणं नाई लावत. पाहुणा बसला आणि म्हणला, लावा ना काही, तर म्हणतात, "नोको. डेटा कोणाच्या कामी येईल काय माहीत." त्या गाडीत आता एवढी शांतता राहते का माहा श्वास मले ऐकू येते.

परवा दुकानात दोघंच होतो. म्हणलं, "भाऊजी..."

"बोल ना बाबू."

"चहा सांगू का?"

सांगितला. चहा. बाकीचं लिहून काढलं, कारण लिहिताना समोर त्यायचं तोंड नसते. आता तुमच्यातला कोणी हार्डवेअरच्या दुकानात खिळे घ्याले गेला तर खिळे घ्या, सुट्टे द्या, आणि या. पाया पडतो तुमच्या, सांगू नका. ताईले तर बिलकुल नाई. मीच सांगणार आहे, आईची आण. फक्त एकदा त्यायच्या गाडीत गाणं वाजू द्या, त्या आवाजात सांगून टाकतो.