दुकानासमोरची ओल

अक्कलकुव्याला आमचं किराणा दुकान आहे. सासरे गल्ल्यावर, मी तराजूपाशी. दारात पाणपोई, ही राजस्थानातून आलेल्या आमच्या घराण्याची जुनी रीत. सासूबाई रोज सकाळी पाणी गाळून माठ भरतात आणि फडक्यावर राहिलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून ते उलटं धरून वरून हळू पाणी सोडतात. जिथलं पाणी, तिथेच जीव परत, असा नेम. पण घरामागची विहीर बुजली, नळ आला. तेव्हापासून दुकानासमोरच्या मातीच्या पट्ट्यालाच त्यांनी विहीर मानलं.

सासऱ्यांच्या डोळ्यांत तो चिखल सलायचा. समोरच्याने चकचकीत फरशी बसवली आणि आमचं गिऱ्हाईक तिकडे वळू लागलं. आपणही आखाजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी, फरशी करायची, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

मी तेव्हा नुकतीच म्हसावदला पर्माकल्चरच्या, म्हणजे निसर्गाच्या कलाने शेती करायच्या, शिबिराला जाऊन आले होते. वीतभर शेत नाही, पण डोक्यात भूत शिरलं होतं. आधी नीट बघा, मग हात लावा. वाया काहीच जात नसतं. दोन गोष्टींची कड जिथे भिडते, तिथे सगळ्यात जास्त उगवतं. हे दुकानाला का लागू नये? मी आखाजी जवळ येईपर्यंत मुदत मागितली. सासरे हसले, पण सून हट्टी आहे हे त्यांना ठाऊक होतं.

मग मी नुसती बघत बसले. थंडी सरताना त्या ओलीत गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल आपोआप वर आला. कुठल्या पिशवीतून बी सांडलं, देव जाणे. मी पत्र्यापर्यंत एक सुतळी बांधली, बस. चैत्रात दारावर हिरवं छत. पिवळ्या फुलांवर मधमाश्या. बाजारच्या दिवशी डोंगरातून अमचूर घेऊन येणाऱ्या बाया पूर्वी हायवेच्या कडेला उन्हात उभ्या राहायच्या, त्या सावलीला येऊन टेकल्या. त्यांच्यामागे अमचूर घेणारे आले. सगळे पाणी प्यायले आणि जाताना तेल-मीठ आमच्याकडून घेऊन गेले. गाळलेल्या पाण्याच्या चार थेंबांनी एवढं सगळं उभं केलं होतं. तराजू हातात धरून मी बघत राहिले.

आखाजी आठवड्यावर आली आणि सकाळीच गवंडी टेप घेऊन हजर झाला. मी पदर खोचला. सावली, अमचूर, वाढलेलं गिऱ्हाईक, सगळे मुद्दे पाठ होते. पण सासऱ्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. उंबऱ्यात सासूबाई ओलं फडकं घेऊन उभ्या होत्या, गवंडी बाजूला होईल म्हणून वाट बघत.

"भाऊ, आठे फरशी नको," सासरे गवंड्याला अहिराणीत म्हणाले आणि सासूबाईंच्या हातातल्या फडक्याकडे बोट केलं. "ती पानी कोठे टाकी?"

गवंडी सरकला. सासूबाई वेलाच्या बुडाशी वाकल्या.