सोनाआजींचा दादा

कोणी भाषणाला उभं राहिलं की सोनाआजी कानातलं ऐकायचं मशीन काढून पदराच्या गाठीत बांधायच्या. लपूनछपून नाही, अगदी वक्त्याच्या डोळ्यांत बघत. लेस्टरच्या आमच्या मंडळाच्या जयंतीत मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा उभा राहिलेला वक्ता मीच होतो. नंतर जेवणाच्या रांगेत मी हसून विचारलं, "आजी, भाषण आवडलं नाही वाटतं?"

"ऐकलंच न्हाय, तर आवडंल कसं? माणूस बदलतंय, बडबड तीच."

गेल्या फेब्रुवारीत, नव्वदीला टेकून त्या गेल्या. मूळच्या सातारच्या बाजूच्या. नवरा वारल्यावर इथे लेकीकडे, वंदनाताईंकडे आल्या. वंदनाताई हॉस्पिटलात नर्स. टीव्हीवरचे पुढारी, सुपरमार्केटातली मेथी, आमच्या मंडळाचे पदाधिकारी, सगळ्यांना आजींचा एकच शेरा असे: "दिसाया झ्याक, कामाला खाक."

एकदा वंदनाताईंच्या बोलण्यातून निघालं, की आजींचा थोरला भाऊ भिवा दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत होता आणि ब्रह्मदेशात मारला गेला. आमचे अध्यक्ष खुर्चीतून उठलेच. दर नोव्हेंबरात शहरात युद्धातल्या मृतांची आठवण काढतात, तेव्हा कोटाला पॉपीचं लाल कागदी फूल लावून आम्ही मागच्या रांगेत उभे असायचो. आता आमचा स्वतःचा हुतात्मा सापडला होता. कौन्सिलकडून पार्कात त्याच्या नावाच्या बाकाची परवानगी निघाली, मेयर येणार ठरलं. भिवाचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून अध्यक्षांनी कम्प्युटरकडून एक करून घेतला. पिळदार मिशा, छातीवर पदकं.

आजींनी बॅनर पाहिला. "ह्यो कोन? दादाला मिसरूड बी धड फुटलं न्हवतं."

"या वयात आठवत नाही हो त्यांना," अध्यक्ष मला म्हणाले. बॅनर तसाच राहिला.

भाषणाचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी आजींच्या घरी गेलो आणि भिवा फौजेत का गेला, ते विचारलं.

"बूट मिळत्यात म्हनून ग्येला. राजा-बिजा कुनाला ठावं?"

रजेवर आला तेव्हा भिवा ते बूट घालूनच गावात शिरला. चावडीपाशी पाटलाच्या माणसांनी अडवलं. बूट काढायला लावले आणि डोक्यावर घेऊन महारवाड्यापर्यंत चालवलं. आठ वर्षांची सोना त्याच्या मागून चालत होती. रजा संपली त्या सकाळी तो घरामागं आईचं लुगडं धरून रडला. मला जायाचं न्हाय, म्हणाला. पळून आलेल्याला पोलीस धरून नेतात, हे आईला ठाऊक होतं. तिनंच त्याची मूठ सोडवली.

"त्यो मेल्याचं कळलं, तवा त्योच पाटील चावडीवर भाशान ठोकाया हुबा. 'आमच्या गावचा वाघ' म्हनं! तवापास्नं मला भाशान सोसत न्हाय."

मी सगळं लिहून अध्यक्षांना दाखवलं. "मेयरसमोर आपली धुणी कशाला धुवायची?" ते म्हणाले. मला ते पटलं, हे लिहिताना माझीच मला किळस येते. माझ्या मजकुरात भिवा हसत हसत रणांगणावर गेला.

कार्यक्रमाला बोचरी थंडी होती. आजी व्हीलचेअरमध्ये, अंगभर शाल. त्या दिवशी मात्र मशीन कानात होतं. माझं वाचून झालं तसा त्यांनी माइक मागितला.

"हसत न्हाय ग्येला. रडत ग्येला. बूट डोक्यावर घ्याया लावलं त्येला, ते बी सांगा की. वाघ म्हनू नगा. पोरगं व्हतं ते."

मेयरबाई अदबीने माझ्याकडे वळल्या. आजी काय म्हणाल्या, असं त्यांनी विचारलं. अध्यक्षांची नजर माझ्यावर होती. मी इंग्रजीत सांगितलं, आजींना भावाचा फार अभिमान वाटतो.

"नाही, अंकल. आजी असा नाही बोलला." ही आजींची नात रिया, केंब्रिजला शिकणारी. मराठी असं मोडकं. पण तिने माइक घेतला आणि स्वच्छ इंग्रजीत सगळं सांगितलं, बूट, चावडी, रडणं. अध्यक्ष उगाच बॅनर सरळ करू लागले. बाकाच्या पाटीवरचा 'वीर' हा शब्द पुढे वंदनाताईंनी भांडून काढायला लावला. आता बाकावर नुसतं नाव आणि वय आहे.

चहाच्या वेळी आजींनी मला जवळ बोलावलं.

"मगाशी त्या बाईला तू काय सांगितलंस?"

मी खरं ते सांगितलं.

"का रं?"

"सगळे बघत होते, आजी. भीती वाटली."



"दादाला बी वाटली. एकुनीस वर्साचा व्हता त्यो. तुझं वय काय?"

"त्रेचाळीस," मी म्हणालो.

त्यांनी तोंड फिरवलं आणि रियाला खुर्ची ढकलायला सांगितलं.